पायाळू अनसूयाक्का

अनसूयाक्का स्वतः पायाळू होत्या. ओळख झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला हे सांगितलं, तेही लेबर रूमच्या बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धुता धुता. निपाणीजवळच्या त्यांच्या खेड्यात कुणाच्या पाठीत चमक भरली की त्याला पालथं झोपवायचे आणि सात-आठ वर्षांच्या अनसूयेला बोलावून तिचा पाय त्याच्या पाठीला लावायचे.

"लाथ घालायची आणि गुळाचा खडा घ्यायचा," अक्का म्हणाल्या. "मास्तर, पाटील, देवळातला गुरव, सगळ्यांस्नी लाथा घातल्यात मी."

"आणि त्यांची पाठ बरी व्हायची?"

"गूळ बरा असायचा."

एवढं बोलून त्या न हसता निघून गेल्या. हसायची पाळी माझी होती. अक्कांचं आठवायला लागलं की पहिल्यांदा हेच आठवतं. मग बाकीचं आठवतं आणि कुणी समोर नसतानाही माझी मान खाली जाते.

मी मूळची पुण्याची. नवऱ्याची नोकरी व्हाइटफील्डला लागली म्हणून बेंगळुरूला आले आणि येलहंक्यातल्या एका खासगी प्रसूतिगृहात डॉक्टर म्हणून रुजू झाले. घरही तिथेच जवळ घेतलं. नवरा बिचारा रोज दोन-दोन तास कॅबमध्ये काढायचा. हॉस्पिटलचे मालक साठी ओलांडलेले होते, सगळे त्यांना 'दोड्ड डॉक्टर' म्हणायचे, म्हणजे थोरले डॉक्टर. अनसूयाक्का लेबर रूमच्या मुख्य सिस्टर. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, घट्ट बांधलेला अंबाडा, आणि गणवेशाला अशी इस्त्री की दुपारच्या चारलाही घडी मोडलेली नसायची. त्या घडीचा त्यांना फार अभिमान होता. नव्या नर्सच्या गणवेशाला सुरकुती दिसली की तिला घरी पाठवायला त्या कमी करत नसत.

त्यांचं मराठी सीमेकडचं. तिकडच्या बायकांसारखं त्या स्वतःविषयी 'मी येतो, मी जातो' म्हणायच्या. सुरुवातीला मला ते ऐकून हसू यायचं. माझं कानडी त्याहून हास्यास्पद होतं. 'स्वल्प', म्हणजे थोडंसं, एवढा एकच शब्द मला खात्रीने यायचा आणि तो मी सगळीकडे वापरायचे. त्यामुळे ओपीडीत अक्का माझ्या दुभाषी झाल्या. मी एका बाईला म्हटलं, "डाळी, अंडी, दूध जास्त घ्या." अक्का तिच्याशी चांगली पाच मिनिटं बोलल्या. बाई आधी लाजली, मग तिने डोळे पुसले, मग हसली.

"मी एवढं कुठे बोलले होते?" मी विचारलं.

"तुमी जे बोलायला पायजे होतं ते बी सांगून टाकलं," अक्का म्हणाल्या. "तिच्या घरात अंडं तिच्या ताटापर्यंत येतच न्हाई. आदी ते कसं आणायचं ते सांगितलं."

'काळजी करू नका' हे वाक्य त्यांना बिलकूल खपायचं नाही. "काळजी तर करणारच की हो. काय करायचं ते सांगा," असं त्या मला भर ओपीडीत सुनवायच्या. अर्थात मराठीत. पेशंटला ते कळायचं नाही.

जुळ्यांवर त्यांचा विशेष जीव. खालच्या बाळाला त्या 'धाकलं' म्हणायच्या आणि वरच्याला 'थोरलं', जन्माला मात्र बहुधा खालचंच आधी येणार असलं तरी. कारण विचारलं तर म्हणायच्या, "वरच्या मजल्यावर ऱ्हाणारा थोरलाच असतो." एकदा पुण्याहूनच आलेलं एक आयटीतलं जोडपं आमच्याकडे आलं. बाईला जुळी, खालच्या बाळाचं डोकं वर. नवऱ्याने मोबाइलवर कसलेसे व्हिडिओ पाहिले होते. त्याबरहुकूम तो बायकोला सोफ्यावरून डोकं खाली लोंबकळायला लावायचा आणि पोटाच्या खालच्या बाजूला टॉर्च धरायचा. म्हणे बाळ उजेडाकडे वळतं. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाळ काय पाखरू हाय उजेडाकडं यायला?" त्या म्हणाल्या. "आणि एका खोलीत दोघं झोपल्यात. एकाला ढकललं तर दुसऱ्यानं जायाचं कुठं?"

"मग आम्ही काहीच करायचं नाही?"

"करायचं की. तपासायला यायचं. खालचं वळलं न्हाई तर शिजरिंग. दिवस ठरवून, पोटभर झोप काढून, सरळ चालत यायचं. ह्यात लाजायचं काय हाय?"

मी आठ-नऊ वर्षं शिकून जे अवघड शब्दांत सांगत होते ते एवढंच होतं. खालचं बाळ पायाळू असेल तर सिझेरियन. खालचं डोक्याकडून आणि वरचं पायाळू असेल तर पहिलं नीट झाल्यावर दुसऱ्याचीही नैसर्गिक प्रसूती जमू शकते, करणारे हात सरावाचे असले तर. दोड्ड डॉक्टरांचे हात तसे होते. आमच्याकडे तशा दोन-तीन प्रसूती झाल्या आणि पहिलीला मी त्यांच्या शेजारी उभी होते. पहिलं बाळ सुखरूप आलं. दुसऱ्याचा कुल्ला दिसू लागला, आणि माझे हात आपोआप पुढे गेले, धरून ओढायला. ती चूक असते. ओढलं की बाळाचे हात वर जातात आणि डोकं अडकतं. मला हे पुस्तकातून पाठ होतं. तरी हात पुढे गेलेच.

"ओढू नका," माझ्या कानाशी अगदी हळू आवाज आला. "येतंय ते. हात मागं घ्या. बघत ऱ्हावा."

अक्कांनी ते मराठीत सांगितलं. खोलीतल्या दुसऱ्या कुणालाही मराठी येत नव्हतं. दोड्ड डॉक्टरांना वाटलं, सिस्टर काहीतरी धीर देते आहे. त्या दिवसापासून माझी प्रत्येक चूक त्या मराठीत दाखवायच्या. माझी अब्रू अशी दोन-तीन वर्षं त्यांनी आमच्या भाषेत झाकून ठेवली.

स्वतःच्या चुकीला मात्र त्या असलं काही झाकण घालत नसत. एकदा त्यांनी हाताने तपासून डोकं खाली आहे म्हणून सांगितलं आणि सोनोग्राफीत कुल्ला निघाला. सगळा स्टाफ जमला असताना त्या दोड्ड डॉक्टरांना म्हणाल्या, "माझा हात चुकला. शीटवर लिवा, सिस्टरचा हात चुकला म्हणून." मग मला म्हणाल्या, "हाताला वाटलं की मशीन लावायचं. मशीनचा रिपोर्ट जुना झाला की परत हात लावायचा. दोन्ही चुकत्यात, पण एका टायमाला दोन्ही कमी चुकत्यात."

रेणुका आमच्याकडे आली ती चौथ्या महिन्यात. अथणीकडची, तेवीस वर्षांची, नवरा येलहंक्यातल्या एका गॅरेजात. जुळी आहेत कळल्यावर ती घाबरून गेली होती. अक्कांनी तिला मराठीतून विचारलं, "कुठली गं तू?" आणि ती एकदम मोकळी झाली. तिच्या घरी कानडी, पण गावाकडचा शेजारपाजार सगळा मराठी. त्यानंतर ती अक्कांशी मराठीतच बोलायची. चौतिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत खालच्या बाळाचं डोकं खाली होतं, वरचं पायाळू. नैसर्गिक प्रसूतीचं ठरत आलं होतं.

छत्तिसाव्या आठवड्यात ती तपासणीला आली तेव्हा दोड्ड डॉक्टर परगावी होते. ओपीडी तुडुंब भरलेली. अक्कांनी आधी पोट तपासलं. हात नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवला. मग मला हाक मारली.

"डॉक्टर, खाली डोकं लागत न्हाई मला. मऊ लागतंय, रुंद. आज मशीन लावून बघूया."

मी घाईघाईने हात लावला. खाली काहीतरी लागलं. ते डोकं आहे असं मी ठरवलं. "दोन आठवड्यांपूर्वीच डोकं होतं. आता एवढ्या दाटीत कुठे वळणार?"

"वळतंय कवा कवा. धाकलं लई चळवळं हाय. पाच मिनिटांचं काम."

टेबलावर रेणुका डोळे मोठे करून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. आणि माझ्या लक्षात आलं की हिला सगळं समजतंय. पहिल्यांदाच पेशंटसमोर, पेशंटला कळणाऱ्या भाषेत मला कुणी दुरुस्त करत होतं. माझे कान तापले.

"सिस्टर, निर्णय कोण घेतं इथे? तुम्ही की मी?"

"तुमी," त्या म्हणाल्या. रेणुकाला हात देऊन त्यांनी उठवलं. मी शीटवर लिहिलं: खालचं बाळ डोक्याकडून. तारीख टाकली, सही केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला रेणुकाला तिचा नवरा रिक्षातून घेऊन आला. घरीच गर्भाचं पाणी गेलं होतं. खालचं बाळ पायाळू आहे हे तिला ठाऊक असतं तर आम्ही तिला आधीच सिझेरियनची तारीख दिली असती, किंवा पाणी जाताच आडवी होऊन तडक ये असं बजावलं असतं. पण मीच तिला सांगितलं होतं की कळा वाढल्या की या, घाई नको. ती घरात तासभर फेऱ्या मारत होती. अक्कांनी तिला टेबलावर घेतलं, तपासायला हात घातला आणि तसाच आत ठेवला.

"नाळ हाय," त्या म्हणाल्या. "पाय आणि नाळ. ऑपरेशन थेटर उघडा."

नाळ बाळाच्या आधी खाली उतरली की बाळाच्याच वजनाखाली ती दबते आणि बाळाचा श्वासच तुटतो. एकच उपाय असतो: हाताने बाळाला वर उचलून धरायचं, पोट उघडेपर्यंत. अक्का स्ट्रेचरवर गुडघे टेकून चढल्या. लेबर रूमपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत, लिफ्टमधून, मग टेबलावर, हिरव्या कापडाखाली वाकून, त्यांनी हात हलवला नाही. मी वर पोट उघडत होते आणि माझ्या हाताखाली, आतल्या बाजूने, त्यांची बोटं बाळाला वर ढकलून धरत होती. ते मला जाणवत होतं. मुलगी निघाली, निळी, न रडणारी. बाळांच्या डॉक्टरांनी तिला नळी घालून श्वासावर आणलं. मग मुलगा निघाला तो किंचाळतच. अक्का कापडाखालून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या गणवेशाची एकही घडी शाबूत नव्हती.

मुलगी अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. वाचली. पण डोक्याच्या तपासणीत काही डाग दिसले. पुढे कळेल, म्हणाले.

रेणुकाच्या नवऱ्याने विचारलं की हे आधी कसं कळलं नाही. रास्त प्रश्न होता. परगावाहून परतलेल्या दोड्ड डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मी, अक्का आणि हॉस्पिटलचे मॅनेजर. त्यांच्यासमोर माझी शीट होती.

"शेवटच्या तपासणीत कुणाला काही शंका आली होती का?"

"आली होती," अक्का म्हणाल्या. "मी बोललो होतो."

"कुणाला?"

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. जसं एखादं जड भांडं दोघांनी उचलायचं असतं आणि एकजण आपल्या बाजूचा कान धरून दुसऱ्याची वाट बघतो, तसं. मला फक्त 'हो, मला' म्हणायचं होतं.

"मला तसं काही आठवत नाही," मी म्हणाले.

इंग्रजीत म्हणाले. फार सोपं वाक्य होतं ते.

दोड्ड डॉक्टरांनी अक्कांना विचारलं, कुणी ऐकलं होतं का. रेणुकाने ऐकलं होतं. ती तेव्हा दोन मजले वर पेटीच्या काचेला हात लावून बसली होती. अक्का म्हणाल्या, "तिला ह्यात ओढू नका. तिला दूध उतरायला पायजे."

अक्कांना लेबर रूममधून काढून लसीकरणाच्या खोलीत बसवलं. ठपका एवढाच की शंका असून स्पष्टपणे कळवली नाही. मी त्या खोलीवरून जाताना पावलं लांब टाकायचे. त्यांनी एकदाही मला अडवलं नाही, टोमणा मारला नाही. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. त्याच सुमारास मी एक सूचना मांडली: जुळ्यांच्या शेवटच्या तपासणीत दरवेळी पुन्हा सोनोग्राफी करावी. दोड्ड डॉक्टरांनी ती लगेच मान्य केली, मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहून 'थँक्यू' म्हणाले.

दोन वर्षं अशी गेली. रेणुकाच्या घरी मी एकदाच फोन केला होता. मुलगी दूध पिते, एवढं ऐकून ठेवून दिला. मग एक दिवस तिचा नवरा जन्माच्या वेळचे कागद न्यायला आला. मुलीच्या डाव्या हातापायात ताठरपणा आहे, अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढायचं आहे, म्हणाला. आता तो बोम्मसंद्राला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका कारखान्यात लागला होता.

"व्यायाम करून घेतं का कुणी?" मी विचारलं.

"अक्का येतात ना, दर रविवारी. येलहंक्याहून दोन बस बदलून," तो म्हणाला. त्याला वाटलं, मला ठाऊक असेल.

पुढच्या रविवारी मी बोम्मसंद्राला गेले. दोन खोल्यांचं घर, दार उघडंच. अक्का चटईवर बसल्या होत्या आणि मुलीचा डावा पाय आपल्या मांडीवर घेऊन हळूहळू सरळ करत होत्या. साडी नेसल्या होत्या. मी त्यांना साडीत पहिल्यांदा बघत होते. मुलगा भाताची वाटी घेऊन भोवती धावत होता. अक्कांनी मला पाहिलं, मान हलवली, आणि पाय सोडला नाही.

मी चपला काढून भिंतीशी उभी राहिले. रेणुका पाणी घेऊन आली. ते न घेताच मी तिला म्हणाले, "त्या दिवशी अक्कांनी मशीन लावायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तुला हे कळायला हवं म्हणून आले."

"मला ठाऊक हाय की," रेणुका म्हणाली. "मी तिथंच होतो न्हवं, टेबलावर."

मी वाटेत सगळं पाठ करून आले होते. तिला धक्का बसेल, ती रडेल, मला बोलेल. ती दोन वर्षं जे जाणून होती तेच मी तिला सांगायला आले होते. तिला जे ठाऊक नव्हतं ते पुढचं होतं, आणि तेही मग माझ्या तोंडून निघालं. केबिनमधलं. 'मला आठवत नाही'. लसीकरणाची खोली.

रेणुका अक्कांकडे वळली. "तुमी म्हणाला, गुडघं दुखत्यात म्हणून सोडलं."

"दुखत्यात बी," अक्का म्हणाल्या.

"मला एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं सगळ्यांस्नी! माझ्यापायी तुमची नोकरी..." रेणुकाला पुढे बोलवेना. ती वाटी हिसकावून घेऊन आत गेली. मुलगा रडायला लागला.

अक्कांनी मुलीचा पाय अलगद खाली ठेवला. पहिल्यांदाच त्या माझ्यावर चिडलेल्या दिसल्या.

"हिला कशाला सांगितलासा? आता ही रोज हेच घोकत बसणार. तुमाला हलकं वाटावं म्हणून?"

तसंच होतं.

"जिथं बोलायचं होतं तिथं बोलला न्हाईसा. तिथं जाऊन बोला. हितं कशाला?" मग त्यांनी मुलीचा हात हातात घेतला, बोटं एकेक करून उघडायला लागल्या. "जावा आता. हिचा टाइम जातोय."

सोमवारी मी दोड्ड डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी तिच्याबरोबर वीस वर्षं काम केलं. आणि तुझं ऐकलं." त्यांनी माझ्यासमोर अक्कांना फोन लावला, परत या म्हणाले. अक्कांनी नको म्हटलं. त्या एका नर्सिंग शाळेत शिकवायला लागल्या होत्या, तिथे बरं चाललं होतं. फक्त खरं काय ते लिहून द्या, म्हणाल्या, येऊन घेऊन जाईन. माझ्यावर काय कारवाई झाली ते सांगण्यासारखं नाही. झाली, आणि कमी झाली. पत्राचा मजकूर दोड्ड डॉक्टरांनी मलाच लिहायला लावला.

दोन दिवसांनी सकाळी अक्का आल्या. जुन्या नर्सेस भोवती जमल्या. कुणी चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. रिसेप्शनच्या काउंटरशी उभ्या राहून, चष्मा लावून, बोट फिरवत त्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग बोट एका जागी थांबलं.

"ह्यो शब्द काढा."

मी वाकून बघितलं. 'त्या वेळी झालेल्या मिसअंडरस्टँडिंगमुळे' असं मी लिहिलं होतं.

"गैरसमज कुणाचाबी झाला न्हवता," त्या म्हणाल्या. "मी बोललो होतो. तुमी ऐकला होतासा."

मी वर जाऊन पत्र पुन्हा टाइप केलं. सिस्टरांनी शंका स्पष्टपणे सांगितली होती. डॉक्टरांनी ती मानली नाही आणि नंतर नाकारली. खाली आणून दिलं. त्यांनी तेही पहिल्या ओळीपासून वाचलं.

"डॉक्टर म्हंजे कोण? हितं चार डॉक्टर हाईत. बाकीच्यांनी काय केलं?"

मी तिसऱ्यांदा वर गेले. माझं नाव टाइप केलं. दोड्ड डॉक्टरांनी सही केली. अक्कांनी नाव वाचलं, सही बघितली, कागदाची नीट चौघडी करून पर्समध्ये ठेवली.

"सरी," त्या म्हणाल्या, कानडीतलं 'ठीक आहे', आणि बाहेरच्या पायऱ्या उतरल्या.

मी रिसेप्शनच्या खिडकीत उभी होते. त्या फाटकातून बाहेर पडल्या, रस्त्याच्या कडेला थांबल्या. वाहनांची रांग संपेना तेव्हा एक हात उंच करून त्या सरळ मधून चालत निघाल्या. एक बस करकचून थांबली. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून काहीतरी ओरडला. त्यांनी तिकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. पलीकडे पोचल्या, पदर सारखा केला आणि स्टॉपवरच्या बायकांत मिसळून गेल्या.